बायपासनंतरची ‘रक्त पातळ करणारी गोळी’ नेमकं काय करते?

नांदेड-लातूरकडच्या अनेक रुग्णांची बायपास हैदराबाद, सोलापूर, पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरला होते. माणूस गावी परततो, काही महिन्यांत शेतात जायला लागतो. छातीत दुखणं थांबलेलं असतं. मग कुणीतरी सांगतं, “रोज रोज रक्त पातळ केल्यानं अशक्तपणा येतो.” आणि गोळी बंद होते.

मुळात हे नावच फसवं आहे. बायपासनंतर बहुतेकांना मिळणारी ॲस्पिरिन (इकोस्प्रिन हा तिचा ओळखीचा ब्रँड) रक्त पातळ करतच नाही. ती फक्त प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही.

प्लेटलेट्स म्हणजे रक्तातल्या अगदी बारीक पेशी. एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. खुरपं लागून बोट कापलं, की त्या जखमेला चिकटतात आणि थ्रॉम्बॉक्सेन नावाचं रसायन सोडून आजूबाजूच्या प्लेटलेट्सना बोलावतात. त्यांच्या ढिगाऱ्यावर फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि रक्त थांबतं. ॲस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेन तयारच होऊ देत नाही. हे कोडं ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये उलगडलं. १९८२ चं नोबेल त्यांना या विषयावरच्या कामासाठी मिळालं.

बोटावर उपकारक असलेली हीच गुठळी बायपासच्या नळीत घातक ठरते. बायपासमध्ये हृदयाचा तुंबलेला रस्ता साफ करत नाहीत, त्याला वळसा घालून नवा रस्ता जोडतात. त्यासाठी बऱ्याचदा पायातली शीर वापरतात. पायात तिच्यात रक्ताचा दाब कमी असतो. हृदयावर जोडली की एकदम धमनीचा दाब सोसावा लागतो. काढताना-जोडताना तिचं आतलं नाजूक अस्तरही थोडं दुखावतं. प्लेटलेट्सना ती जखमच वाटते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत गुठळीचा धोका सर्वाधिक असतो आणि ॲस्पिरिन शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच सुरू करतात. पुढच्या वर्षांत शिरेची भिंत जाड होते, तिच्यात चरबी साठते. दहा वर्षांनी पायाच्या शिरांपैकी जवळपास निम्म्या बंद किंवा खराब झालेल्या आढळतात. छातीच्या आतली धमनी वापरली असेल तर ती मात्र बहुतेकांमध्ये चांगली टिकते.

माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये झाली होती. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये दुसरी करावी लागली. ती मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकाने केली. बायपास म्हणजे आजार कायमचा संपला, असं होत नाही. म्हणूनच ॲस्पिरिन सहसा आयुष्यभर चालते. काहींना, विशेषतः नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना, सोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर देतात. ती कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतात, बऱ्याचदा वर्षभरानं.

एखादा दिवस गोळी राहिली तर घाबरू नका आणि दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते आणि ॲस्पिरिनचा परिणाम तिच्यावर मरेपर्यंत राहतो. पण आठवडाभर गोळी बंद राहिली, तर जवळपास सगळा जथा नवा आणि पुन्हा चिकटणारा होतो.

घोळ होतो तो पाकिटांवरून. इकोस्प्रिन एव्ही म्हणजे ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी एकत्र. इकोस्प्रिन गोल्डमध्ये त्यात क्लोपिडोग्रेलही. जुन्या चिठ्ठीवरची साधी इकोस्प्रिन यासोबत चालूच राहिली, तर डोस दुप्पट होतो. शेजाऱ्याची गोळी तर बघूच नका. कृत्रिम झडप बसवलेल्यांना वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम देतात, त्यासाठी आयएनआर तपासावा लागतो. ॲस्पिरिनला ती तपासणी लागत नाही. लसूण किंवा अर्जुनाची साल यांतल्या कशालाही बदली म्हणून धरू नका.

दात काढायचा असेल तर डेंटिस्टला गोळीचं आधी सांगा. एखादा दात काढायला ॲस्पिरिन सहसा बंद करावी लागत नाही. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःच आणू नका. त्यानं पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, शिवाय आयबुप्रोफेन ॲस्पिरिनचं काम अडवू शकतं. शौचाला डांबरासारखी काळी झाली, रक्ताची उलटी झाली किंवा डोक्याला जोराचा मार लागला, तर लगेच दवाखाना गाठा.

हे विचारायला दर वेळी हैदराबाद गाठायची गरज नाही. डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन जवळच्या फिजिशियनकडे जा. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे.

पावसाळ्यात ताप आला तर हे विशेष लक्षात ठेवा. डेंग्यूत प्लेटलेट्स आधीच कमी होतात, त्यामुळे डॉक्टर ॲस्पिरिन काही दिवस थांबवू शकतात. तापाला पॅरासिटामॉल घ्या, रक्त तपासून घ्या आणि थांबवलेली गोळी पुन्हा कोणत्या तारखेला सुरू करायची, ते चिठ्ठीवर लिहून घ्या.