धनंजयराव गाडगीळ आणि साहाय्यवाटपाचे सूत्र

सप्टेंबर १९६७ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांनी नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद स्वीकारले, तेव्हा त्यांनी वयाची सहासष्ट वर्षे ओलांडली होती. तिसरी योजना १९६६ मध्ये संपली होती, चौथीचा आराखडा बाजूस पडला होता आणि कारभार वार्षिक योजनांवर चालला होता. आजवर शासनाबाहेर राहून नियोजनाची चिकित्सा करणाऱ्या विद्वानाकडे नियोजनच सोपविले गेले.

त्यांची पूर्वतयारी निव्वळ ग्रंथगत नव्हती. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील केंब्रिजचा प्रबंध १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला हे खरे. परंतु १९३० पासून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांनी जी पाहणीची परंपरा घातली, ती गावोगाव जाऊन शेतकऱ्याचा जमाखर्च मांडणारी होती. पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात विठ्ठलराव विखे पाटील यांच्याबरोबर त्यांनी प्रत्यक्ष धुरा वाहिली.

दिल्लीतील त्यांचे चिरस्थायी कार्य मात्र एका हिशेबाचे आहे. राज्यांना मिळणारे केंद्रीय साहाय्य तोवर योजनागणिक ठरे, आणि त्यात वाटाघाटींना मोठाच वाव असे. १९६९ मध्ये संमत झालेल्या सूत्राने आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर यांची गरज प्रथम बाजूला काढली. उर्वरित रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येवर. आणि राष्ट्रीय सरासरीहून कमी दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, पाटबंधारे व वीज यांचे चालू मोठे प्रकल्प आणि राज्यांच्या विशेष समस्या यांवर प्रत्येकी १० टक्के. साहाय्यात ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज. अल्पाक्षर व असंदिग्ध असणे हा सूत्राचा जुना निकष येथे पुरता लागू पडतो.

तथापि असंदिग्धता म्हणजे न्याय्यता नव्हे. दारिद्र्याला दशांश आणि शिरगणतीला सहा दशांश, हे प्रमाण मागास राज्यांस अनुकूल म्हणता येत नाही. शिवाय ज्या गाडगीळांनी जिल्हा हाच नियोजनाचा पाया मानला, त्यांचे सूत्र राज्याच्या उंबरठ्यावर थांबते. विदर्भ वा कोकण यांच्या वाट्यास काय यावे, याविषयी ते मौन आहे. मुख्यमंत्र्यांच्या संमतीवाचून ते उभेच राहिले नसते, ही मर्यादा येथे ध्यानात घ्यावी लागते.

१९७१ च्या निवडणुकीनंतर त्यांनी पद सोडले. ३ मे १९७१ रोजी, दिल्लीहून पुण्याकडे परतत असता, आगगाडीतच त्यांचे निधन झाले. १९८० मध्ये सूत्रात बदल करताना चालू प्रकल्पांचे १० टक्के काढून ते दरडोई उत्पन्नाच्या निकषास जोडण्यात आले.