काळाचौकी : शासन व राजकीय सहभाग

मध्य मुंबईतील कामगारवस्ती. पश्चिमेस लालबाग, उत्तरेस परळ व शिवडी, पूर्वेस कॉटन ग्रीन, दक्षिणेस घोडपदेव व भायखळा. पिन कोड ४०००३३. महापालिकेच्या एफ/दक्षिण विभागात व शिवडी विधानसभा मतदारसंघात मोडते. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेपासून लोकसभेसाठी दक्षिण मुंबई मतदारसंघात. प्रत्येक पुनर्रचनेत सीमा सरकत गेल्या, त्यामुळे जुन्या निवडणुकांचे निकाल आजच्या काळाचौकीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पुढील नोंदीत लालबाग-परळच्या घडामोडी येतात त्या याच कारणाने. या गिरणी-वस्त्यांच्या पट्ट्याचे, म्हणजे गिरणगावाचे, राजकारण हद्दीच्या खांबांपाशी थांबणारे नव्हते.

मताधिकार. मुंबईत नगरपालिकेची पहिली निवडणूक १८७२ च्या कायद्यानुसार झाली. ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. १८८८ च्या महापालिका कायद्याने सभासदसंख्या ७२ केली, त्यांतील ३६ वॉर्डांतून निवडून येत. याच कायद्याने कारभाराचे अधिकार सरकारनियुक्त आयुक्ताकडे सोपवले. ही रचना आजही मुळात तशीच आहे. नगरसेवक ठराव करतो, अंमलबजावणी आयुक्ताची. काळाचौकीतल्या कोणत्याही रखडलेल्या गटाराची वा मोरीची कहाणी इथून सुरू होते.

गिरणी कामगार या मतदारयादीत जवळजवळ नव्हताच. १९२२ मध्ये दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्याला मत मिळाले, पण गिरणगावातल्या एका खोलीचे भाडे बहुधा याहून कमी असे. शिवाय एका खोलीत पाच-सहा जण राहत आणि भाडेपावती एकाच्याच नावे निघे. कोकणातून वा घाटावरून आलेला, गावाच्या मंडळाच्या गाळ्यात पथारी टाकणारा आणि खानावळीत जेवणारा माणूस कायद्याच्या लेखी शहराचा नागरिक नव्हता. प्रौढ मताधिकाराने महापालिकेची पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली.

मताविना सहभाग. मत नव्हते त्या काळातही इथे राजकारण होते, आणि ते मतपेटीच्या राजकारणाहून अधिक शिस्तीचे होते. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या सहा महिन्यांच्या संपात सुमारे दीड लाख कामगार उतरले. त्याच वर्षी मे महिन्यात गिरणी कामगार युनियन (लाल बावटा) स्थापन झाली. तिचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीत काम केलेले. युनियनचे खरे बळ गिरणी कमिट्यांत होते. प्रत्येक गिरणीत कामगारांनी आपल्यातून माणसे निवडायची, वर्गणी गोळा करायची, जॉबरच्या (मुकादमाच्या) जाचाच्या तक्रारी नोंदवायच्या आणि वाटाघाटीत काय मान्य करायचे ते आधी खात्यात विचारायचे. ज्यांना नगरपालिकेने मतदार मानले नाही, त्यांनी आपले प्रतिनिधी निवडण्याची पद्धत स्वतः घडवली. मार्च १९२९ च्या मीरत कट खटल्यात पुढारी पकडले गेले, तरी ही सवय मोडली नाही.

या सवयीचे नेहमीचे रूप म्हणजे द्वारसभा. पुढे तीन पाळ्या सुरू झाल्यावर पहिली पाळी दुपारी साडेतीनला सुटे आणि दुसरी आत जाई. दोन्ही पाळ्यांची माणसे दरवाजाशी एकत्र येत, तेवढ्या दहा-पंधरा मिनिटांत सभा उरकायची. वक्त्याला लांबण लावायला वाव नसे. मागणी काय, मालक काय म्हणतो, उद्या काय करायचे, एवढेच. हात वर करून निर्णय होई. चाळींमधून मतांसाठी फिरणाऱ्या कार्यकर्त्यांची पहिली शाळा बहुधा हीच होती.

१९३७ ची निवडणूक. १९३५ च्या कायद्यानुसार झालेल्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई शहर (भायखळा व परळ) मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. काँग्रेसने त्यांच्यासमोर नामांकित फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू यांना उभे केले होते. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. आंबेडकर त्याआधी बरीच वर्षे परळच्या बीआयटी चाळीत राहिले होते, त्यामुळे मतदारांना ते नवखे नव्हते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा एकत्र आले. अशी एकजूट गिरणगावाने पुढे फार वेळा पाहिली नाही.

नगरराज्याची कल्पना. मुंबई हे स्वतंत्र राज्य व्हावे ही सूचना १९५०च्या दशकात गंभीरपणे पुढे आली. शहरातील व्यापारी व उद्योगपती वर्गाचा तिला मोठा पाठिंबा होता. नोव्हेंबर १९५५ मध्ये काँग्रेस श्रेष्ठींनी महाराष्ट्र, महागुजरात व मुंबई अशी त्रिराज्य योजना मांडली. २१ नोव्हेंबरला विधिमंडळात तिच्यावर चर्चा होणार होती, त्या दिवशी फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार होऊन १५ जण ठार झाले. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि गिरणगाव पेटले. संयुक्त महाराष्ट्र लढ्यातील हुतात्म्यांचे १०५, १०६ व १०७ असे आकडे निरनिराळ्या ठिकाणी आढळतात. त्यांत गिरणगावातील कामगार मोठ्या संख्येने आहेत, याबद्दल मात्र वाद नाही.

या प्रश्नावर आंबेडकरांची भूमिका बदलत गेली. १९४८ च्या निवेदनात त्यांनी मुंबई महाराष्ट्रातच हवी असे मांडले होते. १९५५ च्या भाषिक राज्यांवरील पुस्तिकेत मात्र मराठी मुलखाची चार राज्ये सुचवून मुंबईला ‘महाराष्ट्र नगरराज्य’ असे वेगळे स्थान दिले. भांडवलदारांच्या नगरराज्याहून ही कल्पना निराळी होती, कारण तिच्यात मुंबईवरील महाराष्ट्राचा हक्क गृहीत धरलेला होता. पुढे त्यांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाला. भूमिकेतल्या या बदलाविषयी अभ्यासकांचे एकमत नाही.

याच सुमारास दुसऱ्या एका बंदरात नगरराज्य खरोखर आकाराला येत होते. सिंगापूरला १९५९ मध्ये अंतर्गत स्वराज्य मिळाले, मतदान सक्तीचे झाले आणि निवडून आलेल्या नगर परिषदेचे काम सरकारच्या खात्यांकडे गेले. १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले आणि १९६५ मध्ये मलेशियातून वेगळे होऊन सिंगापूर स्वतंत्र देश झाला. तिथे बहुसंख्य लोक सरकारी वसाहतींत राहतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून त्या वसाहतींचा दैनंदिन कारभार खासदारांच्या नेतृत्वाखालील नगर मंडळांकडे आहे. जिना बिघडला तर कोणाला विचारायचे हे रहिवाशाला ठाऊक असते, पण सत्तापालट तिथे आजवर झालेला नाही. काळाचौकीत नेमके उलटे आहे. पक्ष बदलले, आघाड्या बदलल्या, पण एकाच रस्त्यावर महापालिका, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ आणि पलीकडे बंदर प्राधिकरण अशा पाच दारांत अर्ज फिरतो.

मुंबईत १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने गिरणगाव जिंकले. श्रीपाद अमृत डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले, महापालिका समितीच्या हाती आली आणि १९५८ मध्ये कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर महापौर झाले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

१९७० ची पोटनिवडणूक. शिवसेनेची स्थापना १९ जून १९६६ ला झाली. डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधील लाल बावट्याच्या कचेरीवर हल्ला झाला. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेने १४० पैकी ४२ जागा मिळवल्या. या चढाओढीत परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई हे लाल बावट्याचे लढाऊ नेतृत्व होते. महापालिकेत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले होते आणि १९६७ मध्ये ते विधानसभेवर गेले होते. ५ जून १९७० च्या रात्री लालबागच्या तावरीपाडा भागात त्यांचा खून झाला. खटल्यात काही तरुणांना शिक्षा झाली. खुनामागील राजकीय जबाबदारीबद्दल परस्परविरोधी मते आहेत.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत देसाई यांच्या पत्नी सरोजिनी देसाई कम्युनिस्ट पक्षातर्फे उभ्या राहिल्या. शिवसेनेचे वामनराव महाडिक ३१,५९२ विरुद्ध २९,९१३ अशा मतांनी, म्हणजे १,६७९ मतांनी विजयी झाले. शिवसेनेचे हे पहिले आमदार. फरक इतका थोडा असला तरी गिरणगावातल्या बदलाचे हे सर्वांत स्पष्ट माप मानावे लागते, कारण दोन्ही बाजूंना मतदान करणारी माणसे एकाच चाळीत राहणारी आणि अनेकदा गिरणीच्या एकाच खात्यात काम करणारी होती. महाडिक १९७८ मध्ये महापौर व १९८९ मध्ये खासदार झाले.

शाखा व मंडळे. शिवसेनेची शाखा हे या बदलाचे रोजचे ठिकाण. शाखेबाहेरचा काळा फळा आजही अनेक नाक्यांवर आहे. खडूने लिहिलेल्या त्या मजकुरात सभेची वेळ, पाणी बंद राहण्याची सूचना, वह्यावाटप, रक्तदान शिबिर आणि एखाद्या शेजाऱ्याच्या दुःखद निधनाची बातमी एकाखाली एक येते. रेशनकार्ड, शाळेचा प्रवेश, रुग्णालयातली खाट, नवराबायकोचे भांडण ही सगळी कामे इथे येत. पक्ष हा सरकार आणि चाळ यांच्यामधला दुवा झाला तो असा. गणेशोत्सव मंडळे मात्र शाखेहून जुनी. लालबागचा गणेश गल्लीचा उत्सव १९२८ चा, लालबागचा राजा १९३४ चा. काळाचौकीचा महागणपती याच परंपरेतला. अभ्युदयनगर वसाहतीचे शहीद भगतसिंग मैदान खेळांसाठी व सभांसाठी वापरात आहे.

स्त्रिया. १९२०च्या दशकात गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या. पुढे त्या कमी होत गेल्या. उषाताई डांगे व पार्वतीबाई भोर यांनी कामगार स्त्रियांना संघटित केले. १९७०च्या दशकात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाईविरुद्ध काढलेले लाटणे मोर्चे प्रसिद्ध आहेत. महापालिकेत १९९०च्या दशकापासून सुमारे एक तृतीयांश आणि २०१२ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत.

१९८२ चा संप. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे साठ गिरण्यांतील अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. बोनस व पगारवाढ या मागण्या होत्याच. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची मागणी प्रतिनिधित्वाची होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार संपूर्ण उद्योगात एकाच संघटनेला मान्यता मिळे, आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. ही मान्यता टिके ती सभासदसंख्येच्या नोंदीवर, कामगारांच्या गुप्त मतदानावर नव्हे. आमदार निवडण्याचा हक्क असलेल्या कामगाराला आपली युनियन मतदानाने निवडता येत नव्हती. गिरणगावाच्या इतिहासात न झालेले सर्वांत महत्त्वाचे मतदान कोणते, तर हे. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. १९८४ मध्ये राजीव गांधींच्या लाटेतही सामंत दक्षिण-मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. १६ जानेवारी १९९७ रोजी त्यांची हत्या झाली.

प्रतिनिधी. लोकसभा : मोहन रावले (दक्षिण-मध्य, १९९१–२००९), मिलिंद देवरा (दक्षिण, २००९), अरविंद सावंत (२०१४ पासून). शिवडी विधानसभा : बाळा नांदगावकर (२००९), अजय चौधरी (२०१४ पासून).

महापालिका. २००२ पासून २२७ जागा. एफ/दक्षिण व एफ/उत्तर यांची एकत्र प्रभाग समिती असते. मुदत संपल्याने ७ मार्च २०२२ नंतर पावणेचार वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. या काळात काळाचौकीला नगरसेवकच नव्हता. पुढच्या निवडणुकीचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले.

जमीन व घरे. अभ्युदयनगर ही म्हाडाची सुमारे ३,३५० घरांची वसाहत. तिचा एकत्रित पुनर्विकास करण्यास राज्य सरकारने २०२४ मध्ये मंजुरी दिली. घराचे क्षेत्रफळ, संमती आणि विकासक कोण, यांवर इमारतीइमारतींत होणाऱ्या सभांना आज विधानसभेच्या प्रचारसभेइतकी हजेरी असते. काळाचौकीतील इंडिया युनायटेड मिल क्र. २ व ३ च्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचे ठरवले.

गिरण्यांच्या जमिनींबाबत १९९१ च्या नियमावलीत जमिनीचा सुमारे एक तृतीयांश वाटा घरांसाठी ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने हिशेब बदलला, वाटणीस येणारी जमीन घटली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. दत्ता इस्वलकर यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सुरू झालेल्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने घरांची मागणी लावून धरली. घरांसाठी सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले, प्रत्यक्ष मिळालेली घरे त्याच्या लहानशा हिश्शाइतकी. उरलेल्यांना मुंबईबाहेर शेलू व वांगणी येथे घरे देण्याची योजना पुढे आल्यावर ९ जुलै २०२५ रोजी कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानात जमले. घर मुंबईतच हवे, ही त्यांची मागणी कायम आहे.