चार मीटरच्या आतला संसार

नवी गाडी घेतलेल्या माणसाला दोन महिने काही विचारू नये. त्या काळात तो गाडीचा मालक नसतो, वकील असतो. तिसऱ्या महिन्यात तोच फिर्यादी होतो. बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर इतकी वर्षं काढून मी एवढी एकच विद्या मिळवली. बी.कॉम.ला ती शिकवत नाहीत.

त्यातून आम्ही अंबडचे. इतर गावांत लोक गाडीबद्दल मत देतात, अंबडमध्ये पुरावा देतात. पलीकडे सातपूरला महिंद्राचा कारखाना, अलीकडे आमच्या एमआयडीसीत सुटे भाग करणाऱ्या शेड. त्यामुळे सिडकोतल्या टपरीवर एकाने "आतलं प्लास्टिक हलकं आहे हो" म्हणायचा अवकाश, दुसरा त्याचा किलोचा भाव सांगतो आणि तिसरा गप्प चहा पितो. तो तिसरा ते बनवत असतो.

हा 'आतलं'चा प्रश्न पूर्वी नव्हता, कारण आत काही नव्हतंच! १९४५ साली महिंद्रा अँड महंमद म्हणून निघालेली आणि १९४८ साली महिंद्रा अँड महिंद्रा झालेली कंपनी जीपगाड्या जोडू लागली, तेव्हा जीपला वर ताडपत्री, खाली पत्रा आणि मध्ये साहेब. पावसाळ्यात बाहेर जेवढा पाऊस तेवढाच आत. दारं खडखडत नसत, कारण बहुधा दारंच नसत. तरी तक्रार नाही. बसणारे मामलेदार नाहीतर फौजदार. गाडी कुठे त्यांच्या पैशाची होती? प्लास्टिकची चिकित्सा हप्त्याबरोबर जन्माला आली, असं माझं (कर्जखात्यातलं) मत आहे.

२००० साली बोलेरो आली. तिचे कोपरे फुटपट्टीने काढलेले. पण निफाड-दिंडोरीचा द्राक्षवाला "आतून कशी आहे?" विचारतच नसे, "किती बसतात?" विचारी. २००२ साली स्कॉर्पिओ आली आणि लोक काचेतून आत डोकावू लागले. इथून मतं सुरू झाली.

मग इतिहासाला वळण दिलं ते इंजिनिअरांनी नव्हे, आमच्या कॉमर्सच्या प्रांताने. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी लहान गाड्यांचं उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं. लहान म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सी.सी.पर्यंत, डिझेलचं १५०० पर्यंत. झालं! साडेचार मीटरच्या झायलोला मागून कात्री लावून २०१२ साली ३.९८५ मीटरची क्वांटो केली. नऊवारीची सहावारी करतात तसं. २०१९ ची एक्सयूव्ही ३०० भरली ३.९९५ मीटर. पाच मिलिमीटर राखले! पुढच्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपच्या टक्करचाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. आमच्या गल्लीने ते बाजूला ठेवून मागे बॅगा किती मावतात ते मोजलं. सप्टेंबर २०२५ पासून या मापातल्या गाड्यांना जीएसटी १८ टक्के, मोठ्यांना ४०. म्हणजे फुटपट्टी अजून कॉमर्सवाल्यांच्याच हातात आहे.

आता हिशेब बघा. लांबी ठरलेली, कर ठरलेला, किंमतही शेजारच्या कंपनीने ठरवलेली. काटकसर करायची कुठे? हात पोचतो तिथे मऊ, गुडघा लागतो तिथे कडक. आणि गंमत अशी, की प्लास्टिक शोरूममध्येच कळतं, भरवसा कळायला सत्तर हजार किलोमीटर लागतात. सांगितलं मात्र दोन्ही एकाच दमात जातं. "आतून भिकार आहे, म्हणजे टिकणार नाही." असं म्हणणारे कितीतरी गृहस्थ सात वर्षांनी त्याच कंपनीच्या गाडीच्या कर्जाला माझ्यासमोर बसलेले मी पाहिले आहेत. सात वर्षांत गॅरेजला किती गेलात, म्हटलं की आठवत बसतात.

मीही त्यातलाच. माझी गाडी कुठल्या कंपनीची ते विचारू नका. पण तिच्या डॅशबोर्डमधून पांडवलेण्यांच्या उतारावर असा आवाज यायचा, की सौ. म्हणाली, "आत कुणी जपमाळ ओढतंय का?" एका रविवारी शेजारच्या बापूंसमोर मी कंपनीचा, तिच्या प्लास्टिकचा आणि ते बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बापू अंबडच्या एका मोल्डिंगच्या शेडमध्ये तीस वर्षं मशिनवर आहेत. चार-पाच कंपन्यांना त्यांचा माल जातो. हे मला वाक्य संपल्यावर आठवलं.

बापू काही बोलले नाहीत. घरातून पाना आणि टॉर्च घेऊन आले, सीटखाली डोकं घालून अर्धा तास पडून राहिले. बाहेर आले ते एक स्क्रू घेऊन.

"टेप बसवणाऱ्याने आत सोडलाय, साहेब. कंपनीचा नाही हा."

मी ओशाळून माफी मागणार, तेवढ्यात त्यांनी दाराचा पॅड अंगठ्याने दाबून पाहिला. कर्र.

"हा क्लिप मात्र सैल आहे," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "हा आमचा."

सोमवारी सेकंड शिफ्टहून येताना त्यांनी फेल्टची पट्टी आणून लावली. दार गप्प झालं. गेल्या आठवड्यापासून मागच्या झडपेतून टकटक येते आहे. बापूंना अजून सांगितलेलं नाही. आधी तो भाग कुणाच्या शेडचा, ते टपरीवर काढतो आहे.