सिस्टरच्या पिशवीची कुळकथा

भंडारा जिल्ह्यात धानाचा रोवणा सुरू झाला की सकाळी उशिरा घरी कोणी सापडत नाही. बाया बांधीत उतरलेल्या असतात. घरात राहते ती ओली बाळंतीण, फार तर एखादी म्हातारी. बाळाला घुटी पाजू नका, हे सासूला सांगायचं असेल तर ती पऱ्ह्यांकडे निघायच्या आत गाठावं लागतं. म्हणून पावसाळ्यात सिस्टरच्या गृहभेटीचं वेळापत्रक सरकारी कागदापेक्षा धानाच्या हिशेबाने चालतं.

ओसरीवर गेल्यावर आधी वर्तमानपत्राचा कागद अंथरायचा. त्यावर पिशवी ठेवायची. वरच्या कप्प्यातून साबण आणि टॉवेल काढायचा, हात धुवायचे, आणि मगच बाकीच्या सामानाला हात लावायचा. निघताना हाच क्रम उलटा. नर्सिंगच्या शाळांत याला ‘बॅग टेक्निक’ म्हणतात आणि त्यावर परीक्षेत हमखास प्रश्न येतो. कारण साधं आहे. पिशवी या घरातून त्या घरात जाते, तिच्याबरोबर जंतू जाऊ नयेत. पाहुणी म्हणून आलेली बाई जमिनीवर कागद पसरून का बसते, हे मात्र पहिल्या भेटीत घरच्यांना समजावून सांगावंच लागतं.

या पिशवीचं मूळ लिव्हरपूलमध्ये आहे. 1859 मध्ये विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची पत्नी वारली. तिच्या शेवटच्या दिवसांत मेरी रॉबिन्सन नावाच्या नर्सने घरी राहून तिची शुश्रूषा केली होती. पैसा असलेल्या घरात एका नर्समुळे इतका आराम पडतो, तर गरिबाच्या खोलीत काय होईल, असं रॅथबोनला वाटलं. त्याने तिलाच पगार देऊन तीन महिन्यांसाठी गरीब वस्तीत पाठवलं. महिनाभरातच ती परत आली. हे दैन्य बघवत नाही, मला मोकळं करा, असं तिचं म्हणणं होतं. रॅथबोनने तिची समजूत काढली आणि ती पुन्हा गेली. मुदत संपली तेव्हा हे काम सोडायला तीच तयार नव्हती. नेमून दिलेल्या भागात घरोघर फिरणारी ‘डिस्ट्रिक्ट नर्स’ तिथून सुरू झाली.

भारतात ही पद्धत आली ती बाळंतपणाच्या वाटेने. 1885 चा डफरिन फंड स्त्रियांसाठी दवाखाने आणि डॉक्टरीणबाई मिळाव्यात म्हणून निघाला. 1903 चा व्हिक्टोरिया मेमोरियल फंड सुइणींना शिकवण्यासाठी. 1918 मध्ये दिल्लीत लेडी रीडिंग हेल्थ स्कूल उघडलं आणि तिथे ‘हेल्थ व्हिजिटर’ तयार होऊ लागल्या. साहेब गेला तरी हा शब्द गेला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आरोग्य सहायिकेला आजही ‘एलएचव्ही’ म्हणतात, म्हणजे लेडी हेल्थ व्हिजिटर.

पुढे गावात आली ती एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. 1973 च्या कर्तारसिंग समितीने तिला ‘बहुउद्देशीय’ केलं. बाळंतपणाच्या जोडीला लसीकरण, कुटुंब नियोजन, साथरोग आणि या सगळ्यांच्या नोंदवह्या असं बरंच काही तिच्याकडे आलं. सपाट भागात 5,000 आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष. कागदावर ती आरोग्य सेविका, गावात नर्सबाई आणि तोंडावर सिस्टर. ख्रिस्ती मठातल्या जोगिणींचा हा शब्द विलायती इस्पितळांतून फिरत धानाच्या गावात कसा रुळला, ही वेगळीच कुळकथा होईल.

मात्र गृहभेटीचा खरा कस लागला तो भंडाऱ्याच्या शेजारी, त्याच वैनगंगा नदीच्या काठच्या जिल्ह्यात. लाखांदूरकडून वडशाला गेलं की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1990 च्या दशकात 39 गावांत एक प्रयोग केला. नवजात बाळाला दवाखान्यात नेणं जमत नसेल तर दवाखानाच घरी न्यायचा. पण नेणार कोण? डॉक्टर नव्हे आणि नर्सही नव्हे. पाचवी ते दहावी शिकलेल्या, गावातल्याच बाया निवडल्या. बाळाला झोळीत घालून काट्याला टांगायचं, ताप मोजायचा, मिनिटभर छाती बघत श्वास मोजायचे. आकडा 60 वर गेला तर धोका. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा त्याच द्यायच्या. तेवढ्यावर वैद्यकातल्या अनेकांच्या भुवया उंचावल्या. ‘लॅन्सेट’मध्ये डिसेंबर 1999 मध्ये निकाल छापून आला: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता.

2011 मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत देशभर नेली आणि भेटी गावातल्या आरोग्य कार्यकर्तीकडे, म्हणजे आशाताईकडे सोपवल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे सहा भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक जादा. काटा, थर्मामीटर आणि घड्याळ आशाताईच्या पिशवीत आलं. इंजेक्शन आलं नाही. 2014 च्या सूचनांनुसार, बाळाला मोठ्या दवाखान्यात हलवणं शक्य नसेल अशा वेळी ते एएनएमने द्यायचं. गडचिरोलीच्या बायांनी जे करून दाखवलं, त्यातली मेहनत आशाताईला मिळाली, अधिकार मिळाला नाही.

अमेरिकेत गोष्ट नेमकी उलटी घडली. लोरेटा फोर्ड ही कोलोरॅडोच्या खेड्यापाड्यांत काम केलेली सार्वजनिक आरोग्य नर्स. डॉक्टर लांब, मुलं आजारी, आणि निर्णय तर जागेवरच घ्यावे लागत. 1965 मध्ये डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्याबरोबर तिने त्या निर्णयांचं रीतसर शिक्षण सुरू केलं. ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हे पद तिथून आलं. तपासणं, निदान करणं आणि औषध लिहून देणं त्या पदाच्या कक्षेत आलं. भारतात 2018 मध्ये ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ या अठरा महिन्यांच्या अभ्यासक्रमाची घोषणा झाली. पण तो प्रसूतिगृहासाठी आहे, ओसरीसाठी नाही.

ओसरीवरच्या कामाचा दर 2011 मध्ये ठरला तो असा: बेचाळीस दिवसांच्या सगळ्या भेटी, वजनाच्या आणि लशींच्या नोंदी पूर्ण झाल्यावर, एका बाळामागे 250 रुपये.