होडींतला प्रवासी आणि घरट्यांतला पक्षी

रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्यांत, समुद्राच्या कांठीं, मुरूड नांवाचें गांव आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म त्या गांवीं १८५३ सालीं झाला. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. आयुष्य त्यांनीं शिक्षकाच्या पेशांत घालविलें. तरी भारतीय ज्योतिषाचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास सांगणारा त्यांचा मराठी ग्रंथ १८९६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि आजहि अभ्यासकांस त्याचा आधार घ्यावा लागतो. ज्या ज्योतिष्यांचा परामर्श दीक्षितांनीं घेतला, त्यांच्यामध्यें झालेल्या एका वादाकडे आज श्रोत्यांचें लक्ष वेधावयाचें आहे. वाद आकाशाविषयींचा खरा. पण त्याचें मूळ, वस्तु चालते कशी, या अगदीं घरगुती प्रश्नांत आहे.

इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटानें असें प्रतिपादन केलें कीं, तारे स्थिर असून पृथ्वीच आपल्याभोंवतीं पूर्वेकडे फिरते. एका प्राणांत, म्हणजे सुमारें चार सेकंदांत, ती एक कला फिरते, असें मापहि त्यानें दिलें. दृष्टांत दिला तो होडीचा. होडी पुढें जात असतां प्रवाशास कांठावरील झाडें मागें जातांना दिसतात; तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जातांना दिसतात. दाभोळच्या किंवा जयगडच्या खाडींतून जो एकदां पलीकडे गेला आहे, त्याला हा दृष्टांत समजावून सांगावयास नको.

परंतु आर्यभटाचें मत पुढच्या पंडितांना मानवलें नाहीं. वराहमिहिरानें विचारलें कीं, पृथ्वी फिरत असेल तर घरटें सोडून आकाशांत गेलेले पक्षी परत घरट्यापाशीं येतात कसे? लल्लानें विचारलें कीं, वर सोडलेला बाण पश्चिमेकडे कां पडत नाहीं? ब्रह्मगुप्तानेंहि इसवी सन ६२८ मध्यें आर्यभटावर कडक टीका केली.

या शंका पोरकट नव्हत्या. पृथ्वीच्या फिरण्यामुळें रत्नागिरीची भूमि ताशीं सुमारें १६०० किलोमीटर वेगानें पूर्वेकडे धांवत असते. रत्नदुर्गाच्या तटावरून उडालेला कावळा जर खरोखरच मागें राहिला, तर एका मिनिटांत तो भर समुद्रावर, किनाऱ्यापासून सुमारें २७ किलोमीटर दूर गेलेला असावयास पाहिजे! तसें होत नाहीं, हें तर प्रत्यक्ष आहे. टॉलेमीनेंहि असाच आक्षेप घेतला होता.

आक्षेपास उत्तर मिळालें नाहीं, तेव्हां कांहीं टीकाकारांनीं आर्यभटाच्या श्लोकाचा अर्थ फिरविला. 'भूः' या शब्दाच्या जागीं 'भं' असा पाठ घेऊन पृथ्वीची गति ताऱ्यांच्या पदरीं बांधण्यांत आली. ब्रह्मगुप्ताच्याच ग्रंथावर टीका लिहिणाऱ्या पृथूदकाला मात्र आर्यभटाचें मत ग्राह्य वाटलें. पुढें इसवी सन ११५० मध्यें भास्कराचार्यांनीं, आकाशांतील जड वस्तूस पृथ्वी आपल्या शक्तीनें आपणांकडे ओढते, म्हणून ती पडतांना दिसते, असें लिहिलें. पण पृथ्वी त्यांनींहि स्थिरच मानली.

मग उणें काय होतें? सुटलेली वस्तु आपली पूर्वीची गति टाकून देत नाहीं, एवढी एकच गोष्ट. आश्चर्य हें कीं, तिचा अर्धा भाग आमच्याच दर्शनांत होता. धनुष्यापासून सुटलेला बाण पुढें कां जातो, याचा विचार करून वैशेषिकांनीं 'वेग' नांवाचा संस्कार मानला होता. हा संस्कार हळूहळू क्षीण होतो, असें ते मानीत. म्हणून तें पूर्ण उत्तर नव्हे. तरी लल्लाच्या बाणाची शंका वैशेषिकांच्या बाणापाशीं आणून ठेवली असती, तर वाद निराळ्या वाटेस लागता. ज्योतिषी गणितांत राहिले, दार्शनिक तर्कांत राहिले. दोन घरें शेजारीं असून मधलें दार उघडलें नाहीं.

हें दार युरोपांत सतराव्या शतकांत उघडलें. गॅलिलिओनें १६३२ सालीं चालत्या जहाजाचें उदाहरण घेऊन सांगितलें कीं, डोलकाठीवरून सोडलेला दगड डोलकाठीच्या पायथ्याशींच पडतो. कारण जहाजाची गति दगडाच्या अंगीं अगोदरच असते. १६४० सालीं गॅसेंडीनें मार्सेय बंदराजवळ चालत्या गलबतावर हा प्रयोग करून दाखविला. १६८७ सालीं न्यूटननें त्याला नियमाचें रूप दिलें: बाहेरून बल लागलें नाहीं, तर थांबलेली वस्तु थांबलेलीच राहते आणि चालती वस्तु त्याच वेगानें सरळ चालत राहते. यालाच आपण जडत्व म्हणतों. पक्षी, ढग, बाण आणि हवा, सर्व पृथ्वीबरोबर आधींपासूनच धांवत आहेत. म्हणून कोणी मागें पडत नाहीं. पृथ्वीच्या परिवलनाचें प्रत्यक्ष प्रमाण फूकोनें १८५१ सालीं लंबकाच्या साहाय्यानें पॅरिस येथें दाखविलें.

कोंकण रेल्वेनें रत्नागिरीस येतांना याची प्रचीति कोणासहि घेतां येईल. साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुड्याच्या बोगद्यांत गाडी एकसारख्या वेगानें चालली असतां एखादें नाणें वर उडवावें; तें हातांतच परत येतें. गाडी अकस्मात् थांबली, तर मात्र आपण पुढें झुकतों. गाडीनें सोडलेली गति आपलें शरीर सोडीत नाहीं.

दीक्षितांसारख्यांनीं जपून ठेवलेल्या या इतिहासापासून आपण काय घ्यावें? आर्यभटाचें मत खरें होतें, एवढ्यानें अभिमान बाळगून स्वस्थ बसणें सोपें आहे. वराहमिहिराचा प्रश्नहि खरा होता, हें विसरतां कामा नये. प्रश्नानें सत्याची हानि झाली नाहीं; हानि झाली ती उत्तर शोधण्याऐवजीं श्लोकाचा पाठ बदलल्यानें. घरट्याकडे परतणाऱ्या पक्ष्यानें विचारलेलें कोडें हजार वर्षें उत्तराची वाट पाहत राहिलें, आणि उत्तर आर्यभटानेंच दाखविलेल्या होडींत, प्रवाशाच्या शेजारींच, बसलेलें होतें.