पनवेल परिसरात नोकरीच्या मुलाखतीला जाताय? या चुका टाळा

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. तळोजा एमआयडीसीतले कारखाने, कळंबोलीचा लोखंड बाजार, जेएनपीए बंदराजवळची गोदामं यांमुळे पनवेलच्या आसपास नोकऱ्या आधीपासूनच निघत होत्या. पण पात्रता असूनही अनेक उमेदवार मुलाखतीत मागे पडतात, तेही अगदी साध्या चुकांमुळे.

पत्ता अर्धाच वाचणं

पहिली चूक घरातून निघण्याआधीच होते. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, प्रत्येक ठिकाणी सेक्टरचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यामुळे नुसतं 'सेक्टर ६' म्हणजे काहीच नाही. जुनं आणि नवीन पनवेल रेल्वेमार्गाच्या दोन बाजूंना आहे, चुकीच्या बाजूला उतरलात तर वळसा पडतो. तळोजा एमआयडीसीत तर प्लॉट नंबरशिवाय जाऊच नका. बेलापूरहून निघणारी मेट्रो पेंधरला संपते, कंपनीच्या गेटपर्यंतचा प्रवास पुढे उरतोच. मुलाखत रविवारी असेल तर हार्बर मार्गावर मेगाब्लॉक आहे का, हे आदल्या दिवशी बघा.

'कुठलंही काम चालेल'

नम्रपणा म्हणून बोललं जाणारं हे वाक्य नुकसान करतं. समोरच्याला एका ठरावीक जागेसाठी माणूस हवा असतो. गोदामातल्या कामासाठी गेला असाल तर आधी माल मोजणं, चलन तपासणं, कॉम्प्युटरवर नोंद करणं यांपैकी काय केलंय ते सांगा. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर गाव, वडिलांचा व्यवसाय आणि छंद सांगत बसू नका. तो बायोडेटा लग्नाचा.

इंग्रजी अडखळतंय म्हणून गप्प बसणं हीही चूकच. मराठीत किंवा हिंदीत उत्तर देऊ का, असं सरळ विचारता येतं. बायोडेटात मात्र येत नसलेली गोष्ट लिहू नका. एक्सेल येतं असं लिहिलं की बऱ्याच ठिकाणी लगेच कॉम्प्युटरसमोर बसवतात.

पगाराचं न विचारणं

हातात किती येणार, हे विचारायला अनेकांना संकोच वाटतो, आणि पहिल्या पगाराला धक्का बसतो. मूळ पगार १५,००० रुपये असेल तर १२ टक्क्यांप्रमाणे १,८०० रुपये पीएफसाठी कापले जातात. कंपनीही तेवढाच वाटा भरते, पण अनेक कंपन्या तो वाटा सीटीसीच्या आकड्यातच धरतात. म्हणजे सांगितलेला आकडा आणि खात्यात जमा होणारी रक्कम यांत चांगलाच फरक पडतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न: नेमणूक कुणाच्या पे-रोलवर? मुलाखत मोठ्या कंपनीच्या आवारात झाली तरी नोकरी ठेकेदाराकडची असू शकते. ती वाईटच असते असं नाही. पण पीएफ कोण भरणार, शिफ्ट किती तासांची, रात्रपाळीला गाडी मिळते का, हे होकार देण्याआधीच विचारा. रात्री लोकल बंद झाल्यावर घरी कसं पोहोचायचं, हा प्रश्न नंतर रोजचा होतो.

पैसे भरणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. 'विमानतळावर लावतो, फक्त पास आणि युनिफॉर्मचे पैसे भरा' असा मेसेज आला तर तिथेच थांबा. विमानतळाच्या सुरक्षित भागात जाण्याचा पास पोलीस पडताळणीनंतर मिळतो आणि त्यासाठी अर्ज नोकरी देणारी संस्था करते. एजंटकडून तो विकत मिळत नाही. जाहिरात कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर आहे का, ते आधी तपासा. आधार, पॅनच्या प्रती आणि ओटीपी व्हॉट्सॲपवर अनोळखी माणसाला पाठवू नका.

पैसे गेलेच असतील तर लाजेपोटी दिवस घालवू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा मोबाइल नंबर आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. चॅट डिलीट करू नका.