गरोदरपणातील आहार

गरोदरपणातील आहार म्हणजे गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंतच्या काळात स्त्रीने घ्यावयाचे अन्न व पूरक पोषकद्रव्ये आणि या काळात पाळावयाचे पथ्य. गर्भाची व वारेची वाढ, मातेच्या शरीरातील रक्ताचे वाढलेले प्रमाण आणि पुढील स्तनपानाची तयारी या सर्वांची गरज याच आहारातून भागते. महाराष्ट्रात या विषयाभोवती अनेक संकेत रूढ असून त्यांपैकी काहींना शास्त्रीय आधार आहे, तर काहींना नाही. सुरक्षित आहाराचा विचार करताना घातक पदार्थ टाळण्याइतकेच पुरेसे अन्न मिळणेही महत्त्वाचे ठरते.

वाढीव गरज

गर्भवतीने ‘दोन जिवांचे’ खावे असे म्हटले जाते. मात्र याचा अर्थ दुप्पट खावे असा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार गर्भवतीस नेहमीपेक्षा दररोज सुमारे ३५० किलोकॅलरी अधिक ऊर्जा लागते. प्रथिनांची गरज दुसऱ्या तिमाहीत ९.५ ग्रॅमने, तर तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅमने वाढते. ही वाढ एखादी जादा भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, पेलाभर दूध आणि मूठभर शेंगदाणे अशा घरगुती अन्नातून बरीचशी भरून निघू शकते. पोट भरल्यासारखे वाटत असल्यास किंवा मळमळ होत असल्यास दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खाणे सोयीचे असते.

नाचणी, तीळ, दूध व दही यांतून कॅल्शियम मिळते. कडधान्ये, अंडी, मासे व मांस ही प्रथिनांची साधने आहेत. भाकरी किंवा भाताबरोबर डाळ खाल्ल्यास दोन्हींतील प्रथिने परस्परपूरक ठरतात. गर्भाच्या मेंदूच्या वाढीसाठी आयोडीन आवश्यक असल्याने स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ वापरावे.

रक्तक्षय, लोह व फॉलिक आम्ल

गर्भवतीच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तिला रक्तक्षय आहे असे मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयामुळे अकाली प्रसूती व बाळाचे वजन कमी भरणे यांची शक्यता वाढते, तसेच प्रसूतीच्या वेळी होणारा रक्तस्राव मातेच्या जिवावर बेतू शकतो.

हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, मांस व मासे यांतून लोह मिळते. वनस्पतिजन्य लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते; जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास हे शोषण वाढते, तर जेवणाबरोबर घेतलेल्या चहा-कॉफीमुळे ते घटते. त्यामुळे जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवावे. केवळ आहारातून लोहाची वाढीव गरज भागणे कठीण असल्याने शासकीय आरोग्य केंद्रांत चौथ्या महिन्यापासून १८० दिवस दररोज एक गोळी देतात. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. या गोळ्यांमुळे शौचास काळे होणे हे निरुपद्रवी असते. लोहाची व कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये.

गर्भाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत तयार होतो. अनेकींना तोपर्यंत दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. म्हणून गर्भधारणेचा विचार असल्यास आधीपासूनच फॉलिक आम्ल सुरू करण्याचा सल्ला दिला जातो.

टाळावयाचे पदार्थ

गरोदरपणात रोगप्रतिकारशक्तीत बदल होत असल्याने दूषित अन्नाचा धोका वाढतो. न तापवलेले दूध व त्याचे पदार्थ, कच्चे किंवा अर्धवट शिजलेले मांस, मासे व अंडी टाळावीत. मोड आलेली कडधान्ये कच्ची न खाता त्यांची उसळ करावी. दूषित पाण्यातून पसरणारी ‘हिपॅटायटिस ई’ प्रकारची कावीळ शेवटच्या तिमाहीत जीवघेणी ठरू शकते. म्हणून पाणी उकळून प्यावे आणि उघड्यावरचा बर्फ, रस व पाणीपुरी वर्ज्य करावी.

मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. बांगडा, तारली यांसारखे लहान मासे नीट शिजवून खाण्यास हरकत नाही. यकृतात जीवनसत्त्व ‘अ’ अतिशय जास्त असल्याने काळीज वारंवार खाऊ नये. मद्य पूर्णपणे टाळावे. तंबाखू व मिश्री यांमुळे बाळाचे वजन घटते. मिश्री केवळ दातांना लावली तरी तिच्यातील निकोटिन रक्तात पोहोचते.

परंपरा व समजुती

‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’ शब्दावरून आला आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीसाठी महिनावार आहार सांगितला असून त्यात दूध, लोणी व तूप यांना महत्त्व आहे. डोहाळजेवणात गर्भवतीच्या आवडीचे पदार्थ केले जातात. मात्र माती, राख किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणे हे अनेकदा लोहाच्या कमतरतेशी निगडित असते. ते डोहाळे समजून सोडून न देता रक्त तपासून घ्यावे.

पपई ‘उष्ण’ म्हणून वर्ज्य मानली जाते. कच्च्या पपईच्या चिकामुळे प्रयोगात उंदरांच्या गर्भाशयाचे आकुंचन झालेले आढळले आहे, त्यामुळे ती टाळणे योग्य ठरते. पिकलेल्या पपईबाबत असा दोष आढळलेला नाही. ग्रहणकाळात उपाशी राहण्याला शास्त्रीय आधार नाही. बाळ मोठे होऊन प्रसूती अवघड होईल या भीतीने कमी खाणे ही समजूत विशेष घातक आहे, कारण त्यामुळे बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. घरातील सर्वांचे झाल्यावर उरलेले खाण्याच्या प्रथेमुळेही डाळ, भाजी व दूध गर्भवतीच्या वाट्याला कमी येते.

शासकीय योजना

१९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडीमार्फत गर्भवती व स्तनदा मातांना पूरक आहार मिळतो. त्यात दररोज ६०० किलोकॅलरी ऊर्जा व १८ ते २० ग्रॅम प्रथिने असावीत असा निकष आहे. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गर्भवतींना अंगणवाडीत एक वेळचे गरम, चौरस जेवण दिले जाते. घरी नेलेला शिधा कुटुंबात वाटला जाण्याची शक्यता असते; अंगणवाडीत बसून केलेले जेवण गर्भवतीच्याच पोटात जाते.

मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा सतत उलट्या होत असल्यास आहारात वैद्यकीय सल्ल्याने बदल करावा लागतो.